परीक्षा आहे, विभाग कोठे आहेत? विद्यापीठ अनुदान आयोगास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
विद्यापीठ अनुदान आयोग, नवी दिल्ली

विद्यापीठीय अध्यापकपदाची पात्रता ठरवणाऱ्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेल्या ‘नेट’च्या, विषयसूचीत ‘धर्मांचे तौलनिक अध्ययन’ हा एक स्वतंत्र विषय आहे. त्याची प्रश्नपत्रिका निघते आणि त्यात विद्यार्थी उत्तीर्णही होतात. परंतु पात्र ठरलेल्या या तरुणांनी शिकवायचे कोठे, हा प्रश्न विचारला की पतियाळाचे पंजाबी विद्यापीठ, शांतिनिकेतनची विश्वभारती, दिल्लीची जामिया मिल्लिया इस्लामिया अशी मोजकी नावे पुढे येतात आणि यादी लवकरच संपते. बहुतेक राज्य विद्यापीठांत तत्त्वज्ञान, संस्कृत, पाली, इतिहास, समाजशास्त्र असे विभाग आहेत आणि धर्माशी संबंधित एखाददुसरी अभ्यासपत्रिका त्या प्रत्येकात असते. मात्र जगातील धर्म, त्यांच्या पुराणकथा आणि त्यांचे तत्त्वज्ञान यांचा अभ्यास हेच ज्याचे मुख्य काम आहे, असा विभाग तेथे सहसा आढळत नाही. ज्या देशात धर्म घराघरांत, बाजारात, न्यायालयात आणि निवडणुकीत रोज वावरतो, त्या देशाच्या विद्यापीठांतील ही उणीव गंभीर आहे आणि ती दूर करण्यात आयोगानेच पुढाकार घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र.

या उणिवेमागे एक जुनी भीती आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि म्हणून धर्म या विषयाच्या वाटेलाच न जाणे बरे, असा समज विद्यापीठांच्या विद्या परिषदांत रुजला आहे. या समजाला आधार नाही. विशिष्ट धर्माचे आचार आणि श्रद्धा विद्यार्थ्याच्या अंगी बाणवणे हे धार्मिक शिक्षण होय. धर्म ही मानवी इतिहासातील एक मोठी घटना मानून तिची छाननी करणे हे अध्ययन होय. १९७१ साली पंजाबमधील डी. ए. व्ही. महाविद्यालयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुरू नानकांचे जीवन आणि शिकवण यांचा विद्यापीठीय अभ्यास धार्मिक शिक्षणात मोडत नाही, असे मानले, आणि २००२ च्या अरुणा रॉय खटल्यातही धर्मांविषयीचे शिक्षण घटनाबाह्य नसल्याचा निर्वाळा दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली शाळांतील सक्तीचे बायबल-वाचन रद्द ठरवले, त्याच निकालपत्रात धर्मांचा वस्तुनिष्ठ अभ्यास मात्र वर्ज्य नसल्याचे नमूद केले, आणि त्यानंतर तेथील सरकारी विद्यापीठांत या विषयाचे विभाग झपाट्याने वाढले. आपल्याकडे तर न्यायालयांच्याही आधी शिक्षणतज्ज्ञांनी हा भेद सांगितला होता. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) पदवीच्या पहिल्या वर्षी धर्मपुरुषांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी जगातील धर्मग्रंथांतील निवडक भाग आणि तिसऱ्या वर्षी धर्म-तत्त्वज्ञानातील मूलभूत प्रश्न शिकवावेत, अशी शिफारस केली. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) बहुधर्मीय लोकशाहीत सर्व धर्मांच्या सहिष्णू अभ्यासाला उत्तेजन देणे आवश्यक मानले. विद्यापीठ अनुदान आयोग स्वतः राधाकृष्णन आयोगाच्या शिफारशीतून जन्मला असल्यामुळे या मागणीचा त्याच्यावर विशेष हक्क पोहोचतो.

हा अभ्यास नेमका कसा चालतो, हे एका परिचित दैवताच्या उदाहरणावरून पाहता येईल. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात १९६७ साली धर्माध्ययनाचा विभाग उभारणारे निनियन स्मार्ट यांनी कोणत्याही धर्माकडे सात अंगांनी पाहावे असे सुचवले: विधी, अनुभव, कथा, सिद्धांत, नीती, सामाजिक संघटना आणि मूर्ती-वास्तू-वस्तूंचे भौतिक जग. जेजुरीचा खंडोबा या दृष्टीने पाहिला, तर संस्कृत विभागाला ‘मल्हारी माहात्म्य’ दिसते, ज्यात शिवाने मार्तंडभैरवाच्या रूपाने मणी आणि मल्ल या दैत्यांचा संहार केला. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला वाघ्या-मुरळीचे जागरण आणि धनगरांच्या ओव्या दिसतात. समाजशास्त्रज्ञाच्या लक्षात येते की लिंगायत वाण्याची लेक म्हाळसा आणि धनगराची लेक बाणाई या दोघींच्या लग्नकथांतून वेगवेगळ्या समाजांचे देवाशी नाते जुळते. इतिहासकार मुसलमान भक्तांमधील ‘मल्लूखान’ या नावापाशी थांबतो. आणि सोमवती अमावास्येला भंडाऱ्याने पिवळी झालेली पालखी गडावरून कऱ्हा नदीवर स्नानाला जाते, तेव्हा त्या गर्दीतील माणसाला जे जाणवते, त्याची नोंद यांपैकी कोणाच्याच वहीत होत नाही. हीच पालखी, हेच माहात्म्य, हीच ओवी एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचायला शिकवणारी जागा म्हणजे धर्माध्ययनाचा विभाग. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठातून आलेले गुंथर सोंथायमर यांनी धनगरांसोबत हिंडून बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावर जे संशोधन केले आणि रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’मध्ये विठ्ठलाच्या मुळांचा जो शोध घेतला, ते या पद्धतीचे मोठे नमुने होत. ढेरे यांनी आपले बरेचसे काम विद्यापीठाच्या विभागीय चौकटीबाहेर राहून केले, ही गोष्ट विद्यापीठांना अभिमानाची वाटण्याजोगी नाही.

पुराणकथांच्या बाबतीत तर तुलनेवाचून पाऊलच पुढे पडत नाही. जलप्रलयाची कथा शतपथ ब्राह्मणात आहे, बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात आहे आणि मेसोपोटेमियाच्या मृत्तिकापट्टांवरही आहे, एवढे साम्य दाखवून पुष्कळ लेखक थांबतात आणि सर्व धर्म एकच सांगतात असा निष्कर्ष काढतात. वास्तविक अभ्यास तेथून पुढे सुरू होतो. बायबलमध्ये माणसांच्या दुष्टपणामुळे ईश्वर प्रलय आणतो. अक्कादी भाषेतील अत्रहासिस काव्यात माणसांच्या गोंगाटाने देवाची झोप मोडते म्हणून प्रलय येतो. शतपथ ब्राह्मणात मात्र प्रलयाचे काही कारणच दिलेले नाही, तेथे मासा मनूला सावध करतो, पाणी ओसरल्यावर मनू आहुती देतो आणि त्या आहुतीतून इडा प्रकटते, म्हणजे ती कथा यज्ञातील इडा या विधीभागाचे मूळ सांगण्यासाठी आली आहे. पाप, गोंगाट आणि यज्ञविधी या तीन वेगळ्या चिंता एकाच पुराच्या पाण्यातून तीन संस्कृतींनी बोलून दाखवल्या, हे ज्याला दिसले, तो ‘आमची कथा आधीची की तुमची’ या वादात फार काळ गुंतून पडत नाही.

हे शिक्षण मराठी समाजाला नवे नाही, याची आयोगाला आठवण करून देणे आवश्यक आहे. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करायला गेले आणि परतल्यावर १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. अस्पृश्यतेला धर्माचा आधार आहे असे सांगणाऱ्यांशी वाद घालताना हा अभ्यास त्यांच्या पाठीशी होता. सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यात बडोदा कॉलेजात शंभर वर्षांपूर्वी तत्त्वज्ञान आणि तौलनिक धर्म यांचे अध्यापकपद होते. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी पाली शिकण्यासाठी श्रीलंकेपर्यंत गेले, त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात ती भाषा शिकवली आणि हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या बौद्ध ग्रंथाच्या संपादनावर काम केले. एका व्यक्तीने अपार कष्ट सोसून जे मिळवले, ते आज पदव्युत्तर वर्गातील कोणाही विद्यार्थ्याला संस्थेच्या बळावर मिळायला हवे.

याच ठिकाणी सर्वांत कठीण गोष्ट सांगितली पाहिजे: भाषेवाचून हा विषय उथळ होतो. कुराण अरबीतून, तोरा हिब्रूतून, गाथा अवेस्तातून आणि त्रिपिटक पालीतून वाचू शकणारा निदान एकेक अध्यापक नसेल, तर विभागाची पाटी लागेल आणि वर्गात इंग्रजी पाठ्यपुस्तकांचे सारांश वाचले जातील. मुंबईत १९१६ पासून के. आर. कामा प्राच्यविद्या संस्था आणि पुण्यात १९१७ पासून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे. अशा संस्थांशी विद्यापीठांचा करार घडवणे आयोगाला अवघड नाही. एका संशोधकाच्या विधानावरून २००४ साली भांडारकर संस्थेवर जो हल्ला झाला, त्यात पोथ्यांची आणि ग्रंथांची नासधूस झाली, आणि संशोधकाचे विधान व समाजाची श्रद्धा यांच्यामध्ये बोलणी करू शकणारी माणसे आपल्याकडे किती थोडी तयार झाली आहेत, हे त्या वेळी उघड झाले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर भारतीय ज्ञानपरंपरेचे अभ्यासक्रम सर्वत्र सुरू होत आहेत, आणि त्यांतील पुष्कळ भाग स्वागतार्ह आहे. तथापि ते या विषयाची जागा भरून काढू शकत नाहीत, कारण स्वतःच्या परंपरेचा गौरव हा त्यांचा प्रारंभबिंदू आहे, तर धर्माध्ययनात अभ्यासकाने सत्यासत्याचा निवाडा काही काळ बाजूला ठेवून प्रथम समजून घेण्याची शिस्त पाळायची असते आणि चिकित्सेची वेळ आली की स्वधर्म व परधर्म यांना एकच माप लावायचे असते. श्रद्धावान विद्यार्थ्याला या वर्गात अवघड वाटेल आणि नास्तिक विद्यार्थ्यालाही वाटेल. दोघांनाही ते सोसावे लागेल.

तेव्हा आयोगाने पुढील काही वर्षांत प्रत्येक राज्यातील किमान एका सार्वजनिक विद्यापीठात धर्माध्ययनाचा पूर्ण विभाग मंजूर करावा, त्यात कायमस्वरूपी पदे द्यावीत, त्यांपैकी निम्मी पदे मूळ भाषा शिकवणाऱ्यांसाठी राखून ठेवावीत, आणि क्षेत्रकार्याला, म्हणजे यात्रा, उरूस, मठ, दर्गे, चर्च आणि विहार येथे जाऊन केलेल्या प्रत्यक्ष अभ्यासाला, श्रेयांक द्यावेत. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर पुणे वा मुंबई येथे अशा विभागाला लागणारी ग्रंथालये, हस्तलिखिते आणि जाणकार माणसे आधीच हाताशी आहेत. आयोगाने प्रस्ताव मागवावेत. ते तयार करणारे अभ्यासक येथे आहेत.

कळावे,
धर्माध्ययनाचा एक अभ्यासक