तारे कुठल्या सालचे?

गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत मंडळातल्या एका वहिनींनी मला गाठलं. लेकीला हॉस्पिटलात नोकरी लागली आहे, रात्रपाळीला बस नाही, म्हणून वापरलेली इलेक्ट्रिक गाडी बघताहेत. "भाऊजी, दोन्ही रेनो झोईच. एक २०१८ची, एक २०२१ची. दोन्ही जाहिरातींत सुरक्षेचे पाच तारे लिहिलेत. मग नवीच बरी ना?"

मी म्हटलं, घाई करू नका, उद्या फोन करतो. तो फोन तासभर चालला. त्यातलं कामाचं तेवढं इथे लिहितो, कारण आपल्यातल्या बऱ्याच घरांत सध्या मुलांसाठी हीच शोधाशोध चालू आहे.

झोईला युरो एनकॅपने पाच तारे दिले ते २०१३ मध्ये. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच संस्थेने सुधारित झोई पुन्हा तपासली आणि शून्य तारे दिले. एक नाही, शून्य! प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणाचे गुण ८९ टक्क्यांवरून ४३वर आले, मुलांचे ८०वरून ५२वर. धडक टाळायला मदत करणाऱ्या यंत्रणांचे ८५ होते, ते १४ झाले.

यातला काही भाग पेपर अवघड झाल्याचा आहे. (आपल्या एसएससीचं उलटं. तिथे वर्षागणिक टक्के फुगत गेले.) २०१३ मध्ये गाडी खांबावर ताशी २९ किलोमीटर वेगाने सरळ आडवी आपटत. २०१५पासून ३२च्या वेगाने आणि तिरकी आपटतात. समोरच्या धडकेसाठी २०२०पासून उलट बाजूने १,४०० किलोचा गाडा येतो. शिवाय २०१३ मध्ये सीटबेल्टची आठवण करणारा आवाज, वेगमर्यादा लावायची सोय आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा, एवढ्यावर भरघोस गुण मिळत. आता गाडीने स्वतःहून ब्रेक मारावा, लेन सांभाळावी अशी अपेक्षा असते. निसान लीफचंच बघा. पहिल्या पिढीच्या लीफला या विभागात ८४ टक्के होते, २०१८च्या नव्या लीफला ७१. गाडी सुधारली, पण गुण घटले. तारे मात्र दोन्ही वेळा पाचच.

झोईत आणखी एक गोष्ट घडली, ती मला जास्त खटकते. आधीच्या झोईत सीटच्या कडेला असलेली एअरबॅग छाती आणि डोकं दोन्ही सांभाळायची. सुधारित गाडीत तिच्या जागी फक्त छातीपुरती एअरबॅग आली. परीक्षकांनी याला स्पष्ट शब्दांत संरक्षणातली घट म्हटलं. कंपनीचं म्हणणं असं की गाडी कायद्याच्या सगळ्या नियमांत बसते आणि निकष कडक होत चाललेत. दोन्ही खरं आहे. पण एअरबॅग कमी झाली ती निकषांमुळे नव्हे.

वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे नवी गाडी, मोठी बॅटरी, आणि डोक्याला काही नाही?"

बाजूच्या धडकेपुरतं बोलायचं तर होय, जुनी बरी. मात्र २०१८ची झोई नव्या पद्धतीने कधी तपासलेलीच नाही, तिचे पाच तारे २०१३च्या पेपरचे आहेत. आणि विक्रेत्याने तेच तारे २०२१च्या गाडीवर चिकटवले होते, ही तर सरळसरळ फसवणूक. वहिनींनी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मॉडेल तेच आहे!

म्हणून नाव आणि तारे वाचून थांबू नका. युरो एनकॅपच्या निकालावर चाचणीचं साल असतं, ते आधी बघा, मग चार विभागांचे टक्के वेगवेगळे बघा. लॉगबुकवरची नोंदणीची तारीखही फसवू शकते, कारण शोरूममध्ये पडून राहिलेली जुन्या घडणीची गाडी पुढच्या वर्षी नोंदली जाते. झोईत ५२ किलोवॅट-तासांची बॅटरी असेल तर ती सुधारित घडणीची समजा. स्वयंचलित ब्रेक त्याच गाडीत बसवलेला आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांसाठी एक वाक्य: भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३पासून सुरू झालं, त्याची नियमावली वेगळी आहे. तिथले पाच आणि इथले पाच शेजारी मांडून भाऊबीजेला वाद घालू नका.

वहिनींनी शेवटी २०१९ची लीफ घेतली, आपोआप ब्रेक मारणारी. तिचा जलद चार्जिंगचा प्लग चाडेमो पद्धतीचा आहे आणि मोटरवेवर तो सापडणं दिवसेंदिवस अवघड होतंय, हे मी आधीच सांगितलं होतं. लेक कुरकुरते. वहिनींनी घराच्या भिंतीवर चार्जर बसवून घेतलाय आणि कुरकुर ऐकू येत नसल्यासारखं करताहेत.