सोफ्याच्या पोटात काय आहे, ते बिलावर लिहा

नागपूरच्या सक्करदरा चौकातून उमरेड रोडने ताजबागच्या दिशेने निघालं की फर्निचरची दुकानं दिसू लागतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले सोफे पार दारापर्यंत मांडलेले असतात. ग्राहक आत शिरतो, कापडावरून हात फिरवतो, एकदा बसून पाहतो, रंग पसंत करतो आणि थेट भावावर येतो. ‘पाच वर्षं बघायचं काम नाही, भाऊ,’ असं दुकानदार सांगतो. थोडी घासाघीस होते, हजार-दोन हजार कमी होतात, टेम्पोचं भाडं कोणी द्यायचं हे ठरतं. मग हातात बिल पडतं. त्यावर लिहिलेलं असतं, ‘सोफा सेट, 1 नग’.

घरातल्या मोठ्या खरेदीपैकी एक, आणि तिचं एवढंच वर्णन! हाच ग्राहक सराफ्यात हॉलमार्क पाहिल्याशिवाय अंगठी घेत नाही आणि फ्रिज घेताना चांदण्या मोजतो. सोफ्याचं लाकूड कुठलं, फोम किती घनतेचा, खाली स्प्रिंग आहे की पट्टा, यातलं काहीच त्याला लेखी मिळत नाही. तोंडी मिळालेली ‘गॅरंटी’ कशाची होती, हे वर्ष-दोन वर्षांनी बैठक खाली बसल्यावर दोघांनाही सांगता येत नाही. ही पद्धत बदलायला हवी. सोफ्याच्या आत जे भरलंय ते विकणाऱ्याने बिलावर लिहून द्यावं आणि घेणाऱ्याने ते मागून घ्यावं.

सुरुवात फोमपासून करू, कारण सर्वांत जास्त थापा तिथेच चालतात. ‘फॉर्टी डेन्सिटी आहे’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. फॉर्टी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन 40 किलो. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. म्हणजे दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच तुकडा 40 ग्रॅम भरायला हवा. दुकानात कापलेला नमुना असेल तर किराणा दुकानातल्या काट्यावरही हे तपासता येतं. नमुना नसेल तर कुशनची चेन उघडून फोम बाहेर काढायचा. चोवीस इंच लांब-रुंद आणि पाच इंच जाडीचा फोम साधारण 47 लिटरचा होतो. तो खरोखर चाळीसचा असेल तर 1 किलो 900 ग्रॅमच्या आसपास भरेल, बत्तीसचा असेल तर दीड किलो. काटा 1 किलो 100 ग्रॅमवरच थांबला, तर तो फोम तेवीसचा आहे. तो पाठीला टेकायच्या उशीत चालेल, रोज बसायच्या जागी नाही.

बोटाने दाबून घनता कळते हा मोठा गैरसमज आहे. कडकपणा वेगळा, घनता वेगळी. हलका फोमही कडक बनवता येतो. दुकानात तो छान वाटतो आणि रोजच्या वापरात लवकर दबतो. वजनाची चाचणीसुद्धा शंभर टक्के भरवशाची नाही. रंगीबेरंगी चुरा दाबून केलेला रिबॉन्डेड फोम जड असतोच, आणि चुनखडीची पूड मिसळून वजन वाढवलेला फोमही बाजारात असतो. म्हणून तर आकडा बिलावर हवा. काट्याने खोटेपणा पकडता येईलच असं नाही, पण लिहून दिलेल्या आकड्याला दुकानदार बांधला जातो.

लाकडाच्या बाबतीत नागपूरकरांनी फसणं तर मनाला जास्तच लागतं. एकेकाळी मध्य प्रांताची राजधानी असलेल्या या शहराच्या अवतीभवती मिळणाऱ्या सागाला लाकूड व्यापारात आजही ‘सीपी टीक’ म्हणतात. वनविकास महामंडळाचं मुख्यालय याच शहरात आहे. 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपूरच्या आगारातून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान वाजतगाजत रवाना झालं. नव्या संसद भवनासाठीही साग गेला तो नागपुरातूनच. आणि त्याच विदर्भातल्या दिवाणखान्यात ‘सागवानी सोफा’ म्हणून जे येतं, त्याचे दिसणारे पाय आणि हात सागाचे असतात, आतला सांगाडा मात्र पुष्कळदा पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनचा किंवा मिळेल त्या कच्च्या लाकडाचा. अस्सल सागातही फरक असतो. गाभ्याचं तपकिरी लाकूड वाळवीला दाद देत नाही, सालीलगतचं पांढरं लाकूड मात्र कीड आनंदाने खाते. लकडगंजच्या आरामशीनवर मालाची थोडीफार पारख असलेला माणूस आधी तो पांढरा पट्टाच पाहतो.

इथलं हवामानही सोफ्याची परीक्षा घेतं. 2013 च्या मे महिन्यात नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकून आकसतं, आणि त्याच दिवसांत खिडकीतला कूलर रात्रभर ओलसर वारा त्याच्यावर सोडत असतो. मग पावसाळा. साध्या एमआर ग्रेडच्या प्लायला हा मारा फार काळ झेपत नाही. प्लाय वापरलाच असेल तर पाणी सोसणारा, आयएस 710 चा शिक्का असलेला हवा. पार्टिकल बोर्डचा सांगाडा कूलरच्या तोंडाशी ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

आणि रेक्झिन? लेदरेट म्हणून जे मिळतं, त्यातला पॉलियुरेथेनचा थर उष्णतेने आणि दमटपणाने कुजतो आणि काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटू लागतात. ते शिवून किंवा चिकटवून दुरुस्त होत नाही, सगळं कव्हरच बदलावं लागतं. पुसायला सोपं म्हणून लहान मुलांच्या घरात ते घेतलं जातं, हे समजण्यासारखं आहे. तरी नागपूरच्या उन्हाळ्यात घट्ट विणीचं कापड अंगालाही बरं आणि टिकायलाही बरं.

आतलं पाहायचं कसं, हा प्रश्न उरतो. सोफा पुढे कलता करायला सांगावं. तळाला काळं कापड पिनांनी ठोकलेलं असतं. दोन पिना काढून एक कोपरा उचलला की सगळं समोर येतं. लाकडाला साल चिकटलेली आहे का, गाठी किती आहेत, कोपऱ्यात आधाराचे ठोकळे स्क्रूने कसले आहेत की नुसत्या पिना मारल्या आहेत, पट्टे उभे-आडवे विणलेत की एकाच दिशेने ताणलेत. मग सोफा सरळ ठेवून पुढचा एक पाय वीतभर उचलावा. दुसरा पुढचा पायही लगेच उचलला गेला तर सांगाडा घट्ट आहे. तो जमिनीलाच चिकटून राहिला, तर सांगाडा पिळतोय. कोपरा उघडायला जो दुकानदार नाही म्हणतो, त्याच्याकडून सोफा घेऊ नये, असं स्पष्टच म्हणायला हवं.

यात सगळे दुकानदार लबाड आहेत असं कुठेच म्हणायचं नाही. उलट बिलावर काहीच न लिहिण्याच्या प्रथेने सर्वांत जास्त मारला जातो तो प्रामाणिक विक्रेता. त्याने चाळीसचा फोम आणि पक्कं लाकूड घातलं की त्याचा सोफा शेजारच्यापेक्षा आठ-दहा हजारांनी महाग होतो. आणि बाहेरून दोन्ही सोफे सारखेच दिसतात. ग्राहक स्वस्तातला उचलतो. मग पुढच्या खेपेला तो प्रामाणिक विक्रेताही हलका फोम भरायला लागतो. कागदाची गरज सुताराकडून सोफा करून घेणाऱ्यांनाही आहे. मिस्त्री चांगला असेल तर सुट्या कुशनचा, स्क्रूवर उघडणारा लाकडी सोफा हा आजही सर्वांत टिकाऊ सौदा आहे. लाकूड तसंच राहतं, दहा वर्षांनी फोम आणि कापड बदललं की काम भागतं. पण तिथेही मजुरी आणि सामान यांचा हिशेब कागदावर नसला, तर भांडण ठरलेलं.

लिहून देणं अशक्य आहे का? अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गाद्या आणि सोफ्यांना कायद्याने एक चिठ्ठी शिवलेली असते. आत पॉलियुरेथेन फोम किती टक्के, पॉलिस्टर किती टक्के, माल नवा आहे की नाही, हे त्यावर छापावं लागतं. जुन्या चिंध्या आणि घाणेरडा कापूस गाद्यांत भरून विकला जायचा, त्याला आळा घालायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कायदे आले. युरोपीय संघाने 2024 मध्ये टिकाऊ वस्तूंबाबतचा नवा नियम आणला आणि 2025 च्या कार्ययोजनेत फर्निचर आणि गाद्यांना प्राधान्याच्या यादीत घेतलं. आपल्याकडे असं लिहून द्यायला सुरुवात करण्यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. उमरेड रोडच्या दुकानात बिलावर चार ओळी वाढल्या तरी पुरे: सांगाड्याचं लाकूड, फोमची घनता आणि जाडी, बैठकीखाली स्प्रिंग की पट्टा, आणि गॅरंटी नेमकी कशाची व किती काळाची. व्यापारी संघटनांनी हे स्वतःहून सुरू केलं तर चांगला माल विकणाऱ्यांचाच धंदा वाढेल.

तोवर ग्राहकाच्या हातात कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार वस्तूचा दर्जा आणि मानक जाणून घेणं हा ग्राहकाचा हक्क आहे. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा छापील शिक्का सदोष मालाच्या बाबतीत चालत नाही. सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत नकार देता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करता येते. मात्र आयोगापुढे ‘चाळीसचा फोम सांगितला होता’ हे सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून पैसे मोजण्याआधी, टेम्पो दाराशी लागण्याआधी, त्या चार ओळी दुकानदाराच्या सही-शिक्क्यानिशी लिहून घ्याव्यात आणि उघडलेल्या कोपऱ्याचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा.