पदकाचे कौतुक पुरे, पगाराचे बोला!

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ३० जुलै २०२४ रोजी अमेरिकेच्या महिलांनी रग्बी सेव्हन्समध्ये ऑस्ट्रेलियाला १४-१२ असे हरवून कांस्यपदक मिळवले. त्या संघात सॅमी सुलिव्हन ही अमेरिकी लष्करातली कॅप्टन होती. अशी बातमी आली की आपल्याकडे लगेच 'नारीशक्ती'चा जयजयकार सुरू होतो. आम्हाला मात्र त्या पदकामागची नोकरी महत्त्वाची वाटते.

सुलिव्हन २०२० साली वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून पदवीधर झाली. या अकादमीत मुलींना प्रवेश मिळाला तो १९७६ साली, आणि तोही आधी कायदा करावा लागला तेव्हा. पुढे ती लष्कराच्या 'वर्ल्ड क्लास ॲथलीट प्रोग्रॅम'मध्ये गेली. या योजनेत खेळाडू सेवेतच राहतो, हुद्दा आणि पगार चालू राहतो, सराव हेच त्याचे काम ठरते. रग्बी हा धडकेचा खेळ आहे. गुडघा निकामी झाला तर घर कोण चालवणार, ही भीती मनात असलेली गरीब घरची मुलगी किती दिवस मैदानावर टिकेल?

सैन्यातली नोकरी घराला काय देते, हे आम्हाला कुणी शिकवू नये. रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवत होते. त्या घरात अक्षर आले, आणि त्याच घरातून बाबासाहेब घडले. पुढे इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. तेव्हा जात बघून नालायक ठरवले, बाईला शरीर बघून ठरवतात. दोन्हीकडे परीक्षा न घेताच निकाल!

काहीजण म्हणतात, सैन्य लढण्यासाठी असते, खेळण्यासाठी नाही. मग नीरज चोप्राला २०१६ साली नायब सुभेदार म्हणून का घेतले? योग्यच केले. नेमबाज प्रीती रजक २०२४ साली लष्करातली पहिली महिला सुभेदार झाली, याचाही आम्हाला आनंद आहे. पण एका नावावर समाधान मानणे म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे.

उत्तर बंगालमधल्या सरस्वतीपूरच्या चहामळ्यातल्या आदिवासी मुली रग्बी खेळत भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. ओडिशाच्या आदिवासी मुलीही पोहोचल्या. या मुलींनी आपली लायकी मैदानावर सिद्ध केली आहे. आता सिद्ध करायची पाळी व्यवस्थेची आहे.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. भारतीय सैन्याने महिलांचा रग्बी सेव्हन्स संघ उभारावा. खेळाडूंना चार वर्षांचे अग्निवीर न करता कायम सेवेत घ्यावे. दुखापत झाली तरी नोकरी राहावी. निवड चाचण्या चहामळ्यात, पाड्यावर आणि वस्तीत व्हाव्यात.

आम्हाला सत्कार नको, हक्काची भरती हवी.

जय भीम!