तहान लागल्यावर विहीर?



हिंगणघाट-पुलगावकडे चार माणसे पारावर बसली की एक वाक्य ऐकू येतेच. "तहान लागल्याबिगर कोनी इहीर खोदत नाही, भाऊ!" म्हणजे काय? संकट कोसळल्याशिवाय समाज बदलत नाही; तोवर गप ऱ्हा, पाळी भरा, पगार घ्या. हे शहाणपण कुणाच्या सोयीचे? मालकाच्या आणि मंत्र्याच्या!

यात खरे आहे तेवढे आधी कबूल करू. मराठी राज्याचा ठराव १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात झाला. दिल्लीने कानाडोळा केला. १९५२ साली पोट्टी श्रीरामुलु उपोषणात मेले, तेव्हा कुठे आंध्रची घोषणा झाली. १९५५-५६ साली मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, शंभरावर माणसे पडली, त्यात गिरणीतले आपले भाऊ होते. १ मे १९६० हा दिवस त्यानंतरचा.

मग राज्य संकटाने दिले काय? मुळीच नाही! १९५६ च्या फेब्रुवारीत समिती उभी राहिली. १९५७ साली त्याच रागाच्या मतपेट्या भरल्या. गोळी गर्दीने खाल्ली, पण राज्य संघटनेने मिळवले. संघटना नसती तर उरली असती ती नुसती प्रेते.

नुसत्या संकटाने काय होते ते आपल्या वर्धा जिल्ह्याला विचारा. कापूस पिकवणारा शेतकरी गळफास घेऊ लागला. २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. वर्धा त्यात होता. याहून मोठे संकट कोणते? आत्महत्या थांबल्या का? कपाशी अजून पावसाच्याच भरवशावर आहे. पॅकेज आले, बदल नाही आला.

आणि गिरणगाव? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संकट आले, बदलही झाला, पण कुणाचा? १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा बाजार मोकळा झाला, चिमण्यांच्या जागी टॉवर उठले. संकट हा दरवाजा आहे, बाबांनो! जो आधीपासून उंबऱ्यावर तयारीने उभा असतो, तो आत शिरतो. त्या वेळी तयारीत मालक होता.

आता उलटे बघा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. ना दुष्काळ पडला होता, ना गोळी चालली होती. सहा वर्षे सभा घेतल्या, माणसे जोडली. १० जून १८९० ला रविवारची सुटी मिळाली. तुम्ही रविवारी पोरांबरोबर जेवता ते त्या सह्यांच्या जिवावर!

१९७२ च्या दुष्काळाने रोजगार हमी दिली, असे म्हणतात. पण वि. स. पागे यांनी तिचा प्रयोग तासगाव तालुक्यात दुष्काळाच्या आधीच करून ठेवला होता. विहिरीची जागा ठरलेली होती, म्हणून दुष्काळात कुदळ पडली. १९७७ साली कायदा झाला, आणि २००५ साली देशाने तोच धडा गिरवला.

म्हणून सांगतो, संकटाची वाट बघू नका. संकट पहिल्यांदा चढते ते गरिबाच्याच पाठीवर. त्याचा सौदा करणारे मात्र दुसरेच असतात. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेले शब्द आजही कुणी मोजून घेत नाही. ते मोजायला दुसरा गोळीबार हवा का?

आज संध्याकाळी पाळी सुटली की चार माणसे जमवा. मागण्या कागदावर उतरवा, सह्या घ्या, वर्गणी गोळा करा, हिशेब उघडा ठेवा. बायांना सभेत पुढे बसवा. तहान लागेल तेव्हा लागेल.

विहीर आजच खणा!