भिंतीआड भरणारी जखम

वाचकहो, फराळाचे ताट घटकाभर बाजूला ठेवा. मला थोडे भांडायचे आहे. भांडण माझ्याच पेशातल्या मंडळींशी आहे, तेव्हा संकोच कसला?

गेल्या भाऊबिजेला बहीण परभणीहून आमच्या जिंतुरात आली. भाच्याने घरातल्या जुन्या संगणकावर 'कॉल ऑफ ड्यूटी २' हा २००५ सालचा युद्धखेळ लावला आणि मला पुढ्यात बसवले. टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे हाती शस्त्र न धरलेला मी मास्तर! आधी रशियन शिपाई होऊन बर्फात लढलो, मग इंग्रज होऊन आफ्रिकेच्या वाळवंटात. गोळी लागली की पडदा लाल होई. भाचा ओरडे, "मामा, आडोशाला बसा! जखम आपोआप भरते." बसलो, आणि चार श्वासांत ठणठणीत झालो! खोटे कशाला बोलू, मोठी मौज वाटली.

शाळा उघडल्यावर शिक्षकांच्या खोलीत हे सांगितले, तर एकच ओरड झाली: असल्या खेळांनीच पोरे बिघडतात, बंदी घाला! बंदीची भाषा सोपी असते; तिला अभ्यास लागत नाही. माझी तक्रार निराळी आहे.

त्या वाळवंटात मला एकही भारतीय शिपाई भेटला नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख भारतीय सैन्यात होते. १९४२ साली एल अलामेनला चौथी भारतीय डिव्हिजन होती. पण परक्याला बोल कशाला लावू? त्याने आपल्या माणसांची गोष्ट सांगितली. आमच्यांची सांगायला आमचे तोंड कोणी धरले होते?

माणगाव तालुक्याचा नाईक यशवंत घाडगे, मराठा पलटणीतला, वय अवघे २२. १० जुलै १९४४ रोजी इटलीत मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या तुकडीतले बाकी सगळे मेले वा घायाळ झाले. हा एकटा धावून गेला. हातबॉम्बने ती तोफ बंद पाडली. काडतुसे भरायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांशी झुंजला. मग लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी तो पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची जखम कोणत्याही भिंतीआड भरली नाही.

वीस वर्षे मी वर्गात उभा आहे, कादंबऱ्याही लिहिल्या. पण हे नाव एकदाही फळ्यावर लिहिले नाही. बंदी मागणाऱ्या माझ्या सोबत्यांनो, तुम्ही तरी लिहिले का? आपण मुके राहिलो, म्हणून पोरे पडद्याकडे वळली.

भाच्याला ही हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "मामा, मग तो परत उठलाच नाही?"

नाही रे बाळा. हे 'नाही' संगणक सांगणार नाही. ते सांगण्यासाठीच मास्तराला पगार मिळतो.