जुन्या चवीचे रहस्य यीस्टमध्ये

जुन्या पद्धतीने लागर बिअर बनवण्याचे प्रयोग अधूनमधून बातम्यांत येतात. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग कंपनीने २०१६मध्ये तळघरातल्या जुन्या बाटलीत तग धरून राहिलेले यीस्ट वाढवले आणि १८८३च्या धर्तीची लागर चाखायला दिली. माल्ट आणि पाणी जुन्यासारखे जुळवता येते. अडते ते यीस्टपाशी.

१८८३मध्ये याच कंपनीच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. बिअर नासण्याचे प्रमाण घटले आणि ते यीस्ट इतर कारखान्यांनाही मिळाले. सोय झाली खरी, पण विविधता आटली. आज जगभरची लागर मुख्यतः यीस्टच्या दोनच कुळांवर उभी आहे. बहुतेक बाटल्यांची चव सारखी वाटते, त्याचे हेही एक कारण.

हे यीस्ट संकरित. पाव फुगवणारे नेहमीचे यीस्ट हा त्याचा एक जनक. थंडीत आंबवण्याचा गुण देणारा दुसरा जनक २०११मध्ये सापडला, तोही थेट पॅटागोनियातल्या जंगलात! युरोपात तो प्रथम मिळाल्याचे जाहीर झाले २०२२मध्ये, डब्लिनमधील विद्यापीठाच्या आवारातील मातीत. या रानटी यीस्टने बिअर बनवली तर लवंगेसारखा वास येतो. माल्टोट्रायोज ही साखर त्याला पचत नाही, ती बिअरमध्येच उरते. नव्या चवींसाठी आता त्याचे नवे संकर केले जात आहेत.

‘जुने ते आरोग्यदायी’ हा समज मात्र इथे लागू नाही. यीस्ट कोणतेही असले तरी अल्कोहोल तेच, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्य १९८८मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे.