‘ऑक्सिजन सोडला का?’

बाटलीबंद पाण्याच्या प्लांटमध्ये सकाळी फिलिंग सुरू होण्याआधी हा प्रश्न हमखास कानावर पडतो. विचारणाऱ्याला म्हणायचे असते, ओझोनेटर चालू केला का? ऑपरेटर मान डोलावतो आणि जार लागतात. बोलण्यापुरते हे खपून गेले असते, पण शब्दामागोमाग सवयी येतात. ऑक्सिजनच तो, मग खोलीची खिडकी बंद असली तर काय बिघडले? थोडा जास्त सुटला तर उलट बरेच!

हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. ओझोनचे नावच वासावरून पडले. बाझलच्या श्योनबाइनने १८४० च्या सुमारास ग्रीक भाषेतल्या ‘वास येणे’ या धातूवरून ते ठेवले. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीसाठी ओझोनची मर्यादा आहे हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग. वास त्याहूनही कमी मात्रेत येतो, पण नाक लवकर सरावते. त्यामुळे ‘आता वास गेला’ या ऑपरेटरच्या शब्दावर विसंबून चालत नाही. शिवाय हा वायू हवेच्या दीडपटीहून जड. एक्झॉस्ट फॅन छताजवळ लावून काम भागत नाही.

फरक एका अणूचा. ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. ओझोनमधला तिसरा मात्र सुटायला टपलेला. सुटला की समोर येईल त्याला भिडतो. जिवाणूची पेशीभित्तिका असो, फुप्फुसाचे अस्तर असो की टाकीच्या झाकणाचे काळे रबरी गॅस्केट. ते गॅस्केट काढून बोटांनी जरा ताणून पाहावे. बारीक समांतर चिरा दिसल्या तर त्या बहुधा ओझोनच्याच.

याच भांडखोरपणामुळे फ्रान्सच्या नीस शहराने १९०६ पासून पिण्याच्या पाण्यासाठी ओझोन वापरला. आणि याच भांडखोरपणाने २००४ मध्ये ब्रिटनमध्ये कोका-कोलाच्या ‘दसानी’ या बाटलीबंद पाण्याचा घात केला. नळाचे पाणी आरओमधून काढून चांगले स्वच्छ केलेले होते. पुढे त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळले, त्याबरोबर ब्रोमाइड आले आणि ओझोनने त्याचे ब्रोमेट केले. ब्रोमेटपासून कर्करोगाचा धोका संभवतो, म्हणून त्याची मर्यादा लिटरला अवघी १० मायक्रोग्रॅम. ती ओलांडली गेली आणि सुमारे पाच लाख बाटल्या परत घ्याव्या लागल्या. त्याच पाण्यात दिवसभर ऑक्सिजन बुडबुडवला असता तरी ब्रोमाइड जागचे हलले नसते.

ही गोष्ट आपल्याला दूरची नाही. आरओनंतर खनिजांचे डोसिंग आणि त्यानंतर ओझोन हा क्रम इथेही नेहमीचाच. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. कोकणात किंवा गोव्यात खारे पाणी शिरलेल्या बोअरवर ज्यांचा प्लांट आहे, त्यांनी कच्च्या पाण्याचे ब्रोमाइड तपासून घ्यावे, आणि खनिजांच्या पोत्याबरोबर शुद्धतेचा दाखलाही मागावा.

‘ऑक्सिजनयुक्त पाणी’ असे लेबल छापणाऱ्यांसाठी एक हिशेब. २५ अंशांना हवेच्या संपर्कातल्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. एका साध्या श्वासात त्याच्या पंधरापटीहून अधिक ऑक्सिजन आत जातो. ओझोनचा शेवटी ऑक्सिजनच होतो हे खरे. पण त्यासाठी कोणी पाणी पीत नाही.

ओझोन टिकतही नाही. २० अंशांच्या पाण्यात साधारण वीस मिनिटांत तो निम्मा होतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे बाटली भरताना पाण्यात तो लिटरला ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. सकाळी सातचा आकडा दुपारी दोनच्या जारला लावता येत नाही. मोजणी भरण्याच्या तोंडाशी, दर पाळीत व्हायला हवी. आणि ओझोनेटरला जाणारी हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरमधले निळे सिलिका जेल गुलाबी झाले असेल, तर हवा दमट आत जाते आहे, ओझोन कमी बनतो आहे आणि नळीत नायट्रिक आम्ल साचते आहे. ओझोनेटरचा हिरवा दिवा तेव्हाही लागलेलाच असतो.